गाळून आणलेलं मूत

मित्रांनो, काचेची नळी आहे मी. बोटाएवढी लांब, तळाशी गोल, तोंडाला थोडी खरचटलेली. वय झालंय माझं. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. आत्मवृत्त म्हटलं की गोड गोड बोलायचं असतं म्हणे. मला नाही जमणार. ज्यांना गोड हवं असेल त्यांनी चॉकलेटच्या बरणीला विचारावं.

माझ्या पोटात जनावरांचं मूत घालतात. हसलात ना? हसा, हसा! मीही आधी नाक मुरडलं होतं. भट्टीतून निघाले तेव्हा इतकी लखलखीत होते, की वाटलं, आपल्यात गुलाबपाणी भरतील. भरलं काय, तर सशाचं मूत! पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माझी पहिली नोकरी. तिथे पिंजऱ्यात ससे होते, गिनीपिग होते. त्यांना औषधं टोचायची आणि मूत माझ्यात घालून तपासायचं, हा तिथला रोजचा धंदा. सशाचं मूत निरोगीपणीही खडूच्या पाण्यासारखं गढूळ असतं, कधी लालसरही असतं. एक नवा मदतनीस ते बघून 'रक्त, रक्त' म्हणून ओरडला होता. ससा बिचारा पाला खात बसलेला. तेव्हा मला कळलं, की मूत खोटं बोलत नाही, पण ते कुणाचं, कसं आणलं, हे ठाऊक नसेल तर बघणारा हमखास फसतो.

पुढे सरकारी खोक्यातून माझी बदली झाली. पौडच्या रस्त्यावर, मुळशीच्या बाजूला, एक गुरांचा दवाखाना होता. दोन खोल्या, कौलं, बाहेर गुरं जखडायचा लाकडी खोडा. डॉक्टर टिपणीस पुण्याचे, शिकलेले, हाताला हुशार. त्यांचा शिपाई बहिरू शेजारच्याच गावचा. तो मला राखेनं घासायचा आणि उन्हात पालथी घालायचा. डॉक्टर मला चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. वर पांढुरकं दाटलं, की बैलाच्या किडन्या बिघडल्यात. आम्ल टाकलं की मी फसफसायचे. मग मला स्टँडमध्ये उभी करून ते तळाशी काय बसतं ते बघत. वाळूसारखा गाळ बसला, तर मुताच्या वाटेत खडा. खडा सापडला तर खालून चीर देऊन तो काढता येतो. डॉक्टरांनी तसे बैल वाचवले होते, माझ्यासमोर वाचवले होते. म्हणून तर माझा संताप जास्त आहे!

भाताची कापणी तोंडावर आली होती. ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीतले हैबतराव घामाघूम होऊन आले. पागोटं हातात, पाय धुळीनं भरलेले.

"डाक्तर, माझा कैऱ्या लई बेजार हाय. बसतोय, उठतोय, पोटाला लाथा मारतोय. शेपटी नुसती वर. आमच्या कारभारणीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलाय, त्याची आई जन्मतानाच गेली व्हती. कारभारीन आन्नाला शिवंना. चला तुमी."

डॉक्टरांना त्या दिवसांत गुरांच्या बुळकांडी रोगाच्या लसीसाठी गावोगाव फिरायचं होतं. वरून हुकूम आलेला. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "आत्ता नाही येता येणार. ही बाटली घ्या. बैलाचं मूत घेऊन या. तपासून सांगतो."

झालं! एवढंच. मूत कसं येतंय, धार पडते की थेंब, त्यात काही दिसतं का, एक अक्षर विचारलं नाही. आणायचं कसं तेही सांगितलं नाही. अहो, एवढी मोठी पदवी भिंतीवर टांगलीत, तोंड काय भाड्यानं आणायचं होतं?

दुसऱ्या दिवशी हैबतराव बाटली घेऊन आले. डॉक्टरांनी ते माझ्यात ओतलं. तापवलं, मी स्वच्छ. आम्ल टाकलं, थोडा फेस आला नि विरला. स्टँडमध्ये उभी केली, तळाशी कण नाही. मी मनात म्हटलं, इतकं नितळ? आजारी बैलाचं? पण मला कुठं जीभ आहे!

"मुतात काही दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "पोटदुखी आहे. हे चूर्ण गुळातून द्या."

हैबतरावांनी हात जोडले आणि चूर्ण धोतराच्या सोग्यात बांधून ते चालते झाले.

आता ऐका, मित्रांनो, कारण माझं डोकं इथे फिरतं. दोन दिवसांनी तेच हैबतराव हसत दारात उभे! हातात आंबेमोहर तांदळाची पिशवी, साऱ्या खोलीत तिचा वास.

"डाक्तर, हात हाय तुमचा! कैऱ्या निवांत पडून हाय. लाथा न्हाईत, कन्हनं न्हाई. घरच्या लोकांनी ववाळलं त्याला. हे घ्या, आमच्या खाचरातलं हाय."

डॉक्टर खूश. त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं आणि बहिरूला म्हणाले, "बघ, या नळीनं आधीच सांगितलं होतं. शास्त्र म्हणतात ते हे!"

साऱ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. जळलं मेलं ते कौतुक!

मग गप्पांच्या ओघात डॉक्टरांनी विचारलं, "आता नीट मुततो ना?"

"मुतलेला काय दिसला न्हाई बगा. पन तरास न्हाई, मग कशाला बगायचं?"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. तांदळाची पिशवी तशीच टेबलावर राहिली. त्यांनी सुया, चाकू, औषधं पिशवीत कोंबली, मलाही कोंबलं आणि हैबतरावांबरोबर मिळेल त्या गाडीनं वाडी गाठली. पुढची वाट पायी होती. डॉक्टर जवळजवळ पळत होते.

गोठ्यात कैऱ्या मान जमिनीला लावून पडला होता. एक डोळा घारा, एक काळा, म्हणून नाव कैऱ्या. त्याच्याजवळ तुळजाबाई बसलेली, हैबतरावांची बायको. ती हाताने हिरवं गवत त्याच्या तोंडाशी धरत होती. तो हुंगत होता, खात नव्हता. पोट दोन्ही बाजूंनी खाली सुटलं होतं. डॉक्टरांनी हातानं दाबलं तर आत पाणी डचमळलं. त्यांनी सुई घातली आणि जे आलं ते माझ्यात धरलं. मूत होतं ते. पोटात! आतली मुताची पिशवी फुटली होती. पिशवी फुटली की ताण जातो, कळ थांबते, जनावर शांत पडतं. त्याला घरचे गुण आला म्हणून ओवाळतात आणि आत विष साऱ्या अंगात भिनत जातं.

डॉक्टरांनी खालच्या आवाजात विचारलं, "त्या दिवशीचं मूत कसं घेतलं होतंत, बाई?"

"वाटी धरून बसले व्हते की रातभर. थेंब थेंब पडत व्हतं. मग सातपदरी फडक्यातनं गाळलं. गोमूत्र औषदाला गाळूनच न्हेत्यात न्हवं? तुमच्या हातात द्यायचं, ते घान कसं देऊ?"

"फडक्यावर काही राहिलं होतं?"

"बारीक वाळू व्हती. गोठ्यातली उडाली आसंल म्हनून फडकं धुऊन टाकलं."

हैबतराव खाली बघत होते. तुळजाबाईने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा बैलाकडे, आणि तिला सगळं समजलं. ती उठून उभी राहिली.

"म्हंजी ती वाळूच रोग व्हती?"

डॉक्टर म्हणाले, "नळीत काही दिसलं नाही, बाई. तळाशी काहीच बसलं नव्हतं."

माझ्यावर ढकललं! माझ्यावर! हाताची मूठ असती तर आवळली असती मी.

"नळीचं नका सांगू मला," तुळजाबाई कडाडली. "ती काच हाय, तिला काय कळतंय? मी रातभर वाटी धरून बसलेली मानूस हाय. गाळू नका, एवढं एक बोलला का न्हाईत? थेंब पडतोय का धार, आल्या मानसाला इचारायला तुमची जीभ झडली व्हती? माझ्या हातानं मारला मी त्याला. तुमी मला मारायला लावला!"

हैबतराव "गप, गप, सरकारी मानूस हाय" म्हणू लागले. तिने त्यांनाही सोडलं नाही. "आन तुमी! मुतला न्हाई हे तुमाला दिसलं, तर आदी तांदूळ कशापायी न्हेलंत?"

डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढायचा प्रयत्न केला, औषध टोचलं. उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत कैऱ्या गेला. तुळजाबाई त्याच्या गळ्याशी हात टाकून बसली होती, ती उठेना.

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनी बहिरूला सांगितलं, "ही नळी बाजूला ठेव. नवी मागव." माझ्यात काय दोष निघाला, ते ना बहिरूने विचारलं, ना त्यांनी सांगितलं. तेव्हापासून मी खिडकीत आहे. पोटात धूळ, तोंडाशी कोळ्याचं जाळं. बरं झालं. खोटं कौतुक ऐकण्यापेक्षा धूळ बरी.

पण तुम्ही लहान आहात, मित्रांनो, म्हणून एक मागते. तुमच्या घरी बैल असेल, शेळी असेल, कुत्रं, मांजर असेल. ते मुतताना कुंथतंय का, थेंब थेंब टाकतंय का, बघा. लाजू नका. मूत दाखवायला न्यायचं झालं तर जसं आहे तसं न्या, लाल असो, गढूळ असो, वाळू असो. आजारी जनावर एकाएकी गप्प पडलं, तर आधी ते मुतलं का ते बघा आणि मग आरती ओवाळा. आणि तुमच्यातलं कुणी पुढं गुरांचा डॉक्टर झालं, तर माझ्यासारखी नळी हातात घ्यायच्या आधी समोरच्या बाईला विचारा, "बाई, तुम्ही काय पाहिलंत?" तुळजाबाईला हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिनं ती वाळू फडक्यासकट आणून दाखवली असती.