वरच्या आळीतली विहीर

संपात गिरणी बंद पडली आणि रामजी मुंबई सोडून रत्नागिरीला, खालच्या वस्तीतल्या आपल्या घरी परत आला. त्याची एकुलती एक लेक प्रभावती तोवर पुण्याहून नगररचना शिकून आली होती. शहर वाढताना रस्ते कुठून न्यायचे, घरं कुठे बांधू द्यायची आणि ओढे, विहिरी, झाडी कुठे राखायची, हे ठरवण्याचं ते शिक्षण. शेजाऱ्यांना ते समजावून सांगताना रामजीची त्रेधा उडायची. "नकाशे काढते पोरगी," एवढ्यावर तो भागवायचा.

शहराच्या नव्या आराखड्याचं काम निघालं, त्यात प्रभावतीला तात्पुरतं घेतलं होतं. वरून अनुदान आलं की पगार व्हायचा, नाहीतर नाही. घर चालायचं ते हौसाच्या जिवावर. हौसा, प्रभावतीची आई, एसटी कॅन्टीनात भाकऱ्या भाजायची. मोजणीला हाताखाली माणूस मिळेना, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला रामजी स्वतःहून लेकीबरोबर जाऊ लागला.

पण मनात त्याच्या वेगळंच होतं. गिरणीतला त्याचा दोस्त भिकू आता लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मुकादम होता. तिथे ड्रॉइंगच्या खात्यात जागा निघाली होती. कायमची नोकरी, राहायला खोली, वर बोनस. "पोरीला पाठव, मी साहेबांशी बोललोय," असा भिकूचा निरोप आला होता. आज सांगू, उद्या सांगू करत रामजी तो पोटात ठेवून होता.

वैशाखात एके सकाळी दोघं वरच्या आळीत गेली. तिथली जुनी दगडी विहीर बुजवून दुकानांचे गाळे काढावेत, असं काही व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं. नळ आल्यापासून विहिरीला कोण विचारतंय, हा त्यांचा सवाल. प्रभावती चौथऱ्यावर चढली, वाकून पाणी पाहिलं आणि खुशीत म्हणाली, "बाबा, या दिवसांतसुद्धा केवढं पाणी आहे बघा! या, टेप धरा."

रामजी खालीच उभा राहिला. याच पायरीखाली त्याची आई, गंगा, हंडा घेऊन ताटकळत उभी असायची. कुणी दया येऊन वरून पाणी ओतलं तर ओतलं. लहानगा रामजी तिच्या पदराला धरून असायचा.

"बुजव ही," तो एकदम म्हणाला. "गाळे होऊ देत नायतर आणखी काय. माझं काय जात नाय."

प्रभावतीने आजीची ती हकीकत लहानपणापासून ऐकली होती, पण विहीर हीच, हे तिला आज कळलं. ती खाली आली, बापाजवळ पायरीवर टेकली.

"बाबा, बुजवली तर आजीला जे मिळालं नाही ते कुणालाच मिळणार नाही. मला ते सगळ्यांना मिळायला हवंय. आपल्या वस्तीतून सरळ इथवर पायवाट दाखवणार आहे मी आराखड्यात. विहीर सार्वजनिक, वाट सार्वजनिक." मग हळूच म्हणाली, "आई भाकऱ्या भाजते, तुम्ही उन्हातान्हात माझ्याबरोबर फिरता, म्हणून मला हे करता येतं. नाहीतर मी कधीच दुसरीकडे चिकटले असते."

आता लोट्याचा निरोप कसा सांगायचा? रामजीने डोळे पुसले, वहाणा काढल्या, पुन्हा कसलासा विचार करून पायात घातल्या आणि तसाच चौथरा चढला. कठड्याला हात लावला. दगड उन्हाने तापला होता.

तेवढ्यात समोरच्या घरातून गोदाबाई बाहेर आल्या. विहीर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेली. म्हातारीने डोळ्यांवर हात धरून निरखलं. "कुणाची गो तू?"

रामजीने कठड्यावरचा हात काढला. प्रभावती सरळ म्हणाली, "खालच्या वस्तीतल्या रामजींची. हे माझे बाबा."

"म्हणजे गंगाची नात." गोदाबाई विहिरीकडे वळल्या. "गंगाला खाली उभं राहिलेलं मी बघायची. नवी सून होते. घागर उचलून द्यावी असं वाटायचं, पण सासूच्या धाकानं धीर झाला नाही." मग रामजीकडे वळून म्हणाल्या, "पाणी किती आहे रे आत?"

"पुष्कळ हाय," रामजी म्हणाला.

"मग बुजवायची कशाला?"

त्या संध्याकाळी रामजीने भिकूला कळवून टाकलं की पोरगी येणार नाही. हौसाला सांगितलं तेव्हा ती परातीतलं पीठ मळत होती. "बरं केलंस," म्हणाली, "माझे हात काय झडले नायत अजून."

पुढे आराखड्यावर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. व्यापारी तावातावाने बोलले. गोदाबाई काठी टेकत आल्या आणि विहीर सगळ्यांसाठी खुली ठेवायला आपली संमती आहे, असं साऱ्यांदेखत सांगून गेल्या. मंजुरीला बराच काळ गेला. मधे प्रभावतीचा पगार थांबला, तेव्हा तिने शाळेतल्या मुलींच्या शिकवण्या घेतल्या. पण नकाशावर विहीर राहिली, पायवाटही राहिली.

नंतरच्या एका उन्हाळ्यात नळाचं पाणी दिवसाआड होता होता बंदच झालं. वस्तीतल्या बाया नव्या वाटेने वर गेल्या. आळीतल्या बायाही हंडे घेऊन आल्या. रहाट सकाळपासून थांबला नाही.

हौसा घामाने निथळत घरी आली, हंडा उतरवला आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला तांब्या भरून दिला. रामजीने तो दोन्ही हातांत घेतला. आई आठवली, लेक आठवली, उन्हात काठी टेकत आलेली ती म्हातारी आठवली. कुणाकुणाचे उपकार मानावे, त्याला कळेना. तो घटाघटा प्यायला.

"गोड हाय गो," तो म्हणाला, आणि तांब्या पुन्हा पुढे केला.