गुडघ्याच्या वर

"सांधा जागेवर आहे," एक्स-रे उजेडात धरत डॉक्टर म्हणाले, "पण त्याच्या वरचं हाड पोखरलंय."

सुखवंताबाईला त्या फोटोत पांढरा सांधा तेवढा ओळखू आला. तीन वर्षांपूर्वी, २००९ साली, नागपूरच्या याच दवाखान्यात तो बसवला होता. केशोरी गावच्या भाताच्या बांध्यांमध्ये चाळीस वर्षं वाकून रोवणी केली, त्यात उजवा गुडघा पार कामातून गेला होता. ऑपरेशनला ती तयार नव्हती. हट्ट मुलाचा, हेमेंद्रचा. पण त्यानंतर दोन पावसाळे ती काठीशिवाय शेतावर गेली.

मग गुडघ्याच्या वर सूज आली. जंतू झाले असतील म्हणून गोंदियात सहा महिने गोळ्या झाल्या. हेमेंद्र तिच्यावरच चिडायचा, "माय, तू खाली बसतेस, म्हनून दुखून राहिलं." ती ऐकून घ्यायची आणि मनातल्या मनात त्या ऑपरेशनला शिव्या घालायची.

आता गाठीचा तुकडा तपासून आला होता. हाडाचा कॅन्सर. छातीतही एक ठिपका होता. पाय मांडीतून काढावा लागेल, तरी हमी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"त्या लोखंडानं झालं का जी?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही, आजी. असं फारच क्वचित होतं."

बाहेर बाकावर हेमेंद्रला रडू आवरेना. "मीच तुले इथं आनलो होतो, माय."

मनातलं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. मुलाचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

"तुया पोरीच्या, रिंकीच्या लग्नात या नव्या गुडघ्यानं पंगतीत कोन वाढत होतं?" ती म्हणाली. "तुयी मायच ना? थे काऊन नाई हिशोबात धरत तू?"

चौथ्या दिवशी सकाळी ऑपरेशनआधी नर्स पाय धुवायला आली. पोटरीवर हिरवट गोंदण होतं.

"कधीचं हे, आजी?"

"लग्नाच्या आंधीचं. मायी माय म्हने, मेल्यावर दागिना संग येत नाई, गोंदनच येते." तिनं पोटरीकडे पाहिलं. "हे त पयलेच चाललं."

नर्सच्या हातातला ओला कपडा तिनं मागून घेतला. घोट्यापासून वर, सावकाश, एकेक ठिपका पुसत तिनं पाय स्वतःच स्वच्छ केला आणि त्यावर चादर ओढली.