पंचाच्या कॉलरचा माईक

कामरगावच्या मैदानावर कबड्डीची फायनल होती आणि जमलेल्या दहा गावांना कबड्डीपेक्षा भांडणाचीच हौस जास्त. मैदानाच्या कडेला थेट प्रक्षेपणाची गाडी उभी होती. गाडीत सुकेशनी मिक्सरवर बसली होती. समोर बटणांच्या रांगा, प्रत्येक रांगेमागे मैदानावरचा एकेक माईक. कोणता आवाज टीव्हीवर जाणार, कोणता मैदानातल्या भोंग्यांवर आणि कोणता फक्त आपल्या माणसांच्या कानात, हे तिची बोटं ठरवायची. गाडीतली पोरं तोंडावर तिला मॅडम म्हणायची आणि पाठीमागे, तिच्या गावावरून, मेडशीची फटाकडी. तिला दोन्ही ठाऊक होतं.

बाहेर वायरी सांभाळायला तिचा थोरला भाऊ अनुप होता. डोक्याला हेडफोन, तोंडापुढे बारीक माईक. सुकेशनीने लाल बटण दाबलं की तिचा आवाज फक्त त्याच्या कानात जायचा. दिवसभरात शंभरदा ते बटण दाबून बोटाला सवयच जडली होती.

मध्यंतर झालं तसा तिने पंचाच्या कॉलरचा माईक टीव्हीवरून आणि भोंग्यांवरून काढला. स्वतःच्या कानात मात्र चालू ठेवला. चोंबडेपणा नव्हे, माईक धड आहे का हे असंच तपासतात. पंच प्रसेनजित मास्तर मंडपामागे पाणी प्यायला गेले आणि तिच्या कानात दुसराच आवाज घुसला. तो आवाज करणचा होता. सकाळी हरलेल्या संघाचा कप्तान, अंगाने रेडा आणि अकलेनेही तोच.

"माया पॉइंट काहून कापला बे?"

"लाइन तुडवली होती तू. म्या पाह्यलं."

फाडकन थप्पड बसली. मग लाथ, मग काठी. हाडावर बसलेल्या काठीचा आवाज सुकेशनीने जन्मात ऐकला नव्हता, तरी तो तिला बरोबर कळला. मास्तर ओरडले आणि पुढच्या तडाख्याला त्यांचं ओरडणंही मोडलं.

तिने लाल बटण दाबलं. "दादा, मंडपाच्या मांगं पय! करण मास्तरले मारून राह्यला!"

"निंगालो."

अनुप पोचेपर्यंत मास्तर उरतील का, हे तिला सांगता येईना. तेव्हा तिने कुणाला न विचारता पंचाचा माईक सरळ भोंग्यांवर सोडला. आयकू दे साऱ्याइले. सहा भोंग्यांतून मास्तरांचं कण्हणं निघालं आणि त्यावर करणची गुरगुर, "आज तुले जित्ता सोडत नाय!" मैदानावरचं दोन-तीन हजार माणूस एकदम उठलं. सुकेशनीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

तिच्यासमोरच्या पडद्यावर चौथा कॅमेरा मंडपामागचं दाखवत होता. अनुप आधीच पोचला होता. त्याने करणच्या हातातली काठी हिसकली आणि करण शेपूट घालून मैदानाच्या भिंतीवरून उडी टाकून पळाला. तेवढ्यात गर्दीने कनात फाडली. गर्दीला काय दिसलं? रक्तात पडलेला पंच आणि त्याच्या उशाशी काठी घेऊन उभा असलेला एक परका माणूस.

"थ्योच हाय! हाना!"

मास्तरांचा जबडा मोडला होता, ते बोलणार काय? अनुप बोलत होता. त्याचा आवाज सुकेशनीच्या कानात येत होता. "मी नाय... आयका तं... मी गाडीवाला..." मग दात मोडल्याचा आवाज आला.

सुकेशनीने बटण दाबलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "सोडा त्याले! थो माया भाऊ हाय! मारनारा पयाला!"

काठ्या थांबल्या नाहीत. कुणीतरी वीट उचलली. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली, रडली, शिव्या दिल्या, पाया पडते म्हणाली. पडद्यावर वीट खाली गेली, वर आली, खाली गेली. गावंच्या गावं बहिरी झाली की काय?

शेजारी कॅमेरे बघणारा, नवीन नावाचा पोरगा म्हणाला, "मॅडम, हे भोंग्याइवर जाऊन नाय राह्यलं."

तिने खाली पाहिलं. बोट लाल बटणावर होतं. भोंग्यांवर बोलायचं बटण त्याच्या शेजारी, चार बोटांवर.

तिने ते दाबलं. "सोडा!"

एकाच शब्दात सगळे हात जागच्या जागी थांबले.

अनुप वाचला. डावा डोळा गेला. अकोल्याच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी तो बोलला. सुकेशनी त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"सुके, तुया आवाज येत होता मले. सारा वखत येत होता." तो दम खात खात बोलत होता. "म्या म्हनलं, पोरगी येवढी बोंबलून राह्यली, पाया पडतो म्हनते, अन् येवढ्या मानसाइत एकालेबी दया नाय. मार नाय लागला मले तेवढा, थे लागलं."

सुकेशनीने चमचा वाटीत ठेवला. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. गाडीतला तो नवीन कुणाला सांगणारा नव्हता. पण तिच्याने राहवलं नाही.

"दादा, त्याइले आयकूच नोयतं गेलं. माया हातून बटन चुकलं. थे येकट्या तुयाच कानात होतं."

अनुपने उरलेला डोळा तिच्याकडे वळवला.

"मंग सांगाले नोयतं पायजे तुनं," तो म्हणाला. "त्याइच्यावर राग धरून जगलो असतो मी."