थंड इंजिनावरचा लाल काटा

रुग्णालयाची गाडी चालवणाऱ्या बाईला सगळे ड्रायव्हरताई म्हणत. अकरा वर्षं ती डायलिसिसच्या पेशंटना घरून आणत होती, परत सोडत होती. एवढ्या काळात गाडीला साधा ओरखडा तिने येऊ दिला नव्हता. त्यामुळे वर्कशॉपच्या फोरमनने पुढे सरकवलेला कागद वाचून तिचं डोकंच फिरलं. ‘तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असूनही चालकाने गाडी दामटली. इंजिन निकामी.’ खाली तिच्या सहीसाठी जागा.

“सही करा बाई, मोकळ्या व्हा,” फोरमन म्हणाला. “इंजिन तापून हेड गास्केट गेलंय. गाडी भंगारात जाईल.”

“इंजिन उघडून बघितलंत?”

“चोवीस वर्षं काढलीत या कामात. उघडायला कशाला लागतंय?”

“मग मलाही सही करायला लागत नाही.” तिने पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्याच खिशाला अडकवून ती निघाली.

तिची नणंद लिफ्ट दुरुस्त करायची. जिभेला धार, हात मात्र शांत. जेवताना तिने सगळं ऐकून घेतलं.

“वहिनी, काटा चढला कधी?”

“चढतच नाही गं. किल्ली फिरवली की आधीच वर जाऊन बसलेला असतो. इंजिनाचा पंखाही तेव्हापासूनच बोंबलतो. आणि सकाळी चालू व्हायला किती कुरकुर.”

नणंदेचा घास हातातच राहिला. “रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर? अहो, मग इंजिनातलं पाणी तापतच नाहीये. त्याचं तापमान सांगणारा सेन्सर थापा मारतोय.”

सकाळी सातला दोघी वर्कशॉपच्या दारात हजर. फोरमनचा चहासुद्धा झाला नव्हता.

“ही कोण आता?”

“माझी नणंद. गाडीला हात मी लावणार, ती मीटर धरणार. तुम्ही फक्त बघा.”

तिने किल्ली फिरवली. काटा सरळ लालमध्ये. बॉनेट उघडून तिने आपला तळवा इंजिनावर ठेवला. “या, ठेवा हात.”

“मला काय शिकवताय?”

“शिकवत नाही. हात ठेवा म्हणतेय.”

एव्हाना चार मेकॅनिक पाने-पक्कड खाली ठेवून गोळा झाले होते. फोरमनने नाइलाजाने हात ठेवला. इंजिन गार होतं.

ताईने सेन्सरचा प्लग उपसला. काटा धपकन तळाला आला. “म्हणजे वायर ठीक आणि काटाही ठीक,” नणंद म्हणाली. मग त्यांनी खाली ट्रे धरून सेन्सर काढला, थोडं कूलंट सांडलं. एका मगात गार पाणी, दुसऱ्यात किटलीतलं कढत. पाणी तापलं की सेन्सरचा विद्युतरोध, म्हणजे मीटरवरचा आकडा, उतरायला हवा. स्टोअरमधल्या नव्या सेन्सरचा आकडा अडीच हजारांवरून थेट तीनशेच्या आसपास आला. जुन्याचा गारातही दोनशे, कढतातही दोनशे.

नवा सेन्सर बसला, कूलंट भरलं. गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. काटा तळापासून सावकाश वर आला आणि मध्यावर थांबला. पंखा गप्प.

“झालं ना तुमच्या मनासारखं? जा आता,” फोरमन म्हणाला.

“कागद राहिला.”

“फाडतो नंतर.”

“फाडून भागणार नाही. बिघाड सेन्सरचा होता, चालकाची चूक नव्हती, असं लिहून द्या.” तिने इंजिन बंद करून किल्ली मुठीत घेतली आणि ती तिथेच सीटवर बसून राहिली. “पेशंट वाट बघताहेत. उशीर झाला तर का झाला, तेही मी सांगेन.”

“तुमच्या वहिनी नेहमी अशाच?” फोरमनने नणंदेला विचारलं.

“आज जरा नरमच आहेत.”

एक मेकॅनिक खुदकन हसला. फोरमनने बॉनेटवरच कागद टेकवून चार ओळी खरडल्या. ताईने त्या दोनदा वाचल्या. “‘बहुधा’ हा शब्द काढा.”

त्याने तिच्याकडे बघितलं. तीही बघत राहिली. शेवटी त्याने तो शब्द खोडला आणि शेजारी सही केली. कागद घडी करून तिने खिशात घातला, नणंदेला शेजारी बसवलं आणि पहिल्या पेशंटच्या घराकडे गाडी वळवली. वळणावर तिने एकदा काट्याकडे बघितलं. तो मध्यावरच होता.