झोपेत लागलेला हात

लिफ्टमधून दीप्ती बाहेर पडली आणि शेजारच्या रतनकाकूंची नजर तिच्या डोळ्याखालच्या काळ्यानिळ्या डागावर खिळली. मग त्यांनी तिच्या मागून येणाऱ्या नवऱ्याकडे, नितेशकडे पाहिलं.

“शिकलेली माणसं ना तुम्ही? लाज नाही वाटत?”

“काकू, झोपेत हात लागला त्याचा,” दीप्ती म्हणाली.

“सगळ्या असंच सांगतात गं.”

नितेश मान खाली घालून निघून गेला. हात त्याचाच होता. पहाटे स्वप्नात कुत्रा अंगावर धावून आला, त्याने जीव खाऊन ठोसा मारला, आणि जाग आली ती दीप्तीच्या किंचाळण्याने. याआधीही तिला लाथा बसल्या होत्या, पण त्यांचे डाग साडीखाली झाकले गेले. चारकोपच्या त्या इमारतीत आता चेहराच सगळ्यांना दिसत होता.

तो हॉलमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपू लागला. अकरावीतली मुलगी स्वरदा आईजवळ झोपायला गेली आणि आतून कडी लावू लागली. बापाशी ती बोलेनाशी झाली. त्याने वाढलेलं ताटही ती बाजूला सरकवायची.

शनिवारी मुलुंडहून, धाकट्या मुलाकडून, नितेशची आई जानकीबाई आल्या. सुनेचा चेहरा त्यांनी उजेडाकडे वळवून पाहिला. नितेशला वाटलं, आता आई शिव्या घालणार. तिने मात्र विचारलं, “झोपेत मारलंस?”

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगूक कित्याक होया? माका कळता. तुझो बापूस सुदा असोच मारी. सकाळी माकाच इचारी, ह्यां काय झाला म्हणान. मी सांगी, नळार पडलंय.”

नितेशला घाटकोपरची चाळ आठवली. आईचा सुजलेला ओठ आठवला. गिरणी बंद पडल्यावर त्याचा बाप काशीराम दारू पिऊन बायकोला बडवतो, असं चाळीत बोलत, आणि बारा-तेरा वर्षांच्या नितेशने ते खरं मानलं होतं. पुढे वडिलांचे हात थरथरू लागले तेव्हाही त्याला वाटलं, दारूनेच झालं. आजारपणात त्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं, औषधं आणली, पण जवळ बसून कधी दोन शब्द बोलला नाही.

“आये, बाबा दारू पीत नव्हते?”

“शिमग्याक एखाद वेळेस.”

“मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“घोवान मारल्यान असा सांगूची लाज. तो झोपेत उठान लढता ह्यां सांगूची त्याच्याहून लाज. येडो म्हटल्यानी असते त्येका.”

नितेश उठून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला.

दीप्तीने त्याला अंधेरीतल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाईंनी हात बघायच्या आधी भलतंच विचारायला सुरुवात केली. वास येतो का? पोट साफ होतं का? उठल्यावर चक्कर येते? बायकोसमोर पोटाचं बोलायला नितेशला जमेना.

“सांग ना रे,” दीप्ती म्हणाली. मग तिनेच सांगितलं, “डॉक्टर, तव्यावर बांगडा जळाला तरी याला वास येत नाही. आणि पोटाचं म्हणाल तर रोज सकाळी अर्धा तास आत असतो.”

वडिलांचं सगळं ऐकून डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं. डावा हात नीट हलत नव्हता, हे त्याला तेव्हाच कळलं.

“हा कंपवात असावा, पार्किन्सन. तो म्हणजे नुसती थरथर नाही,” त्या म्हणाल्या. “कधीकधी थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो, पोट अडतं, झोप बिघडते. स्वप्न पडताना शरीर सैल पडून राहायला हवं. तुमचं राहत नाही. वडिलांचंही राहत नसणार.”

झोपेची तपासणी झाली, नंतर रक्ताची. बहुधा वडिलांकडून आलेला एका जनुकातला दोष त्यात सापडला. झोपेसाठी गोळी सुरू झाली आणि हातपाय झाडणं बरंच कमी झालं. तरी तो हॉलमध्येच झोपत राहिला.

रविवारी दुपारी त्याने स्वरदाला समोर बसवून सगळं सांगितलं. आजोबांचंही. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

“म्हणजे तू आजोबांशी तेच केलंस, जे मी तुझ्याशी केलं,” ती म्हणाली.

“तुला माहीत नव्हतं गं.”

“तुला तरी कुठे माहीत होतं? मला पण होणार का हे?”

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. “तो दोष तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी. असला तरी आजार होईलच असं नाही. तपासायचं की नाही, ते तू मोठी झाल्यावर तूच ठरवायचंस. सॉरी, बेटा.”

“तू काय मुद्दाम दिलंस का, बाबा?”

ती आत निघून गेली. एवढ्याने सगळं मिटलं असं त्याला वाटलं नाही. बापाने मुलीला द्यावं तर हे, या विचाराने त्याला तिथून उठवेना.

संध्याकाळी तो दूध घेऊन परतला तेव्हा स्वरदा हॉलमध्ये वाकून काचेची टीपॉय खिडकीकडे ओढत होती.

“काय करतेयस?”

“तू इथे झोपतोस ना. झोपेत हात मारलास तर काच फुटेल, तुलाच लागेल. जरा पकड ना त्या बाजूने.”

त्याने दूध खाली ठेवलं. डोळे तिला दिसू नयेत म्हणून मान वळवली आणि टीपॉयची दुसरी कड उचलली.