इलुनेदने एकदाच विचारलं

मिलिंदच्या नागपूरच्या घरी पाहुण्याने पहिल्याच हाकेला ताट पुढे केलं तर तो गेल्यावर त्याच्याबद्दल बोललं जातं. समोरच्याने आग्रह करायचा, आपण आढेवेढे घ्यायचे आणि मग उपकार केल्यासारखं हो म्हणायचं, अशी रीत. वेल्समध्ये ती कुणालाच माहीत नाही. इथे नको म्हणजे नको. इतकी वर्षं या गावात डॉक्टरकी करून मिलिंदला हे कळलं नव्हतं असं मुळीच नाही. पण आपल्या बाबतीत लोकांनी थोडी जास्त मिनतवारी करावी, अशी त्याची अपेक्षा असायची. माझा नवरा आहे, म्हणून सांगते.

२००६मध्ये गावाने १८३१च्या उठावाला एकशे पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून रस्त्यावर एक मोठं नाटक करायचं ठरवलं. त्या साली इथल्या लोखंडाच्या भट्ट्यांवर मजुरी कापली होती, पाव महाग झाला होता आणि कोर्टाचे बेलिफ गरिबांच्या घरांतून खाटा आणि घड्याळं उचलून नेत होते. जूनमध्ये शेजारच्या मर्थर गावात लोक उठले. बायका घरोघर जाऊन आपल्या वस्तू परत घेत हिंडल्या, पार्लमेंट सुधारा म्हणून घोषणा झाल्या, सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. शेवटी एका तरुण कामगाराला फाशी दिली. तो निर्दोष होता, असं आजही इथला माणूस कालची गोष्ट असावी तशा तावातावाने सांगतो.

हे सगळं मला शिकवलं इलुनेदने. ती आमची शेजारीण, निवृत्त शाळाशिक्षिका आणि नाटकाच्या कमिटीची सेक्रेटरी. वरदा, आमची मुलगी, तिच्या स्वयंपाकघरात वाढली असं म्हटलं तरी चालेल, कारण आम्ही दोघं नोकरीत आणि आजी-आजोबा सात समुद्रांपलीकडे. हे नाटक व्हावं म्हणून इलुनेद कितीतरी वर्षं कौन्सिलच्या मागे लागली होती.

मार्चमध्ये ती आमच्याकडे आली आणि मिलिंदला म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही आमचे मॅजिस्ट्रेट व्हाल का? खुर्चीवर उभं राहून जमावाला पांगण्याचा हुकूम वाचायचा."

मिलिंदचा चेहरा असा खुलला, की मला हसू आलं. पण तोंडातून निघालं काय? "नो, नो, मी कुठला! कोणीतरी चांगला माणूस बघा."

"बरं," इलुनेद म्हणाली, चहा संपवला आणि गेली.

त्या संध्याकाळी आंघोळ करताना तो मोठ्या आवाजात हुकूम सोडत होता, ते मी ऐकलं. आठवडाभर तो तिच्या फोनची वाट बघत होता. आणि मग कळलं की मॅजिस्ट्रेटचं काम गॅरेथला दिलंय. गॅरेथ म्हणजे आमचा खाटीक.

मिलिंद फुगून बसला. "खाटकाला देतील, पण आपल्याला नाही. शेवटी आपण बाहेरचेच."

"अरे, तिने विचारलं होतं की."

"विचारायचं म्हणून विचारलं. मनापासून असतं तर पुन्हा नसतं विचारलं?"

वरदा पंधरा वर्षांची, तिने फोनमधून मान वर काढली. "बाबा, यू सेड नो. मी तिथेच होती."

"तू गप्प बस," मिलिंद म्हणाला. मीही पुढे काही बोलले नाही. दमलेले होते, आणि चार दिवसांत निवळेल असं वाटलं.

निवळलं नाही. पुढच्या महिन्यात कौन्सिलच्या एका बाई दवाखान्यात आल्या होत्या. नाटकाला अनुदान कौन्सिलचंच. गप्पांत त्यांनी विचारलं, "तुम्ही आहात ना त्यात, डॉक्टर?" आणि या शहाण्याने सांगितलं, "आमच्यासारख्यांना कोण विचारतं?" बाईंनी ते जिव्हाळ्याने आणि गांभीर्याने घेतलं. कमिटी परदेशी लोकांना डावलते का, याची चौकशी लागली, आणि ती संपेपर्यंत सेक्रेटरीने बाजूला व्हावं असं ठरलं. इलुनेद बाजूला झाली.

हे मला खाटकाच्या दुकानात कळलं. गॅरेथ मटण कापता कापता म्हणाला, "तिने विचारलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. पण चौकशीत ती एवढंच म्हणाली, कदाचित मी नीट विचारलं नसेल."

तो आणखीही काहीतरी बोलत होता. मला ते ऐकू येईना. माझे कान तापले होते. पिशवी काउंटरवर तशीच राहिली, आणि ती द्यायला गॅरेथ रस्त्यापर्यंत धावत आला. त्याने ती माझ्या हातात नीट ठेवली, तेव्हा तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी मिलिंदला फाडून खाल्लं. "आत्ताच्या आत्ता फोन कर त्या बाईला. सांग की मी खोटं बोललो."

"खोटं नाही गं, म्हणजे, मला तसं वाटलं होतं."

"तुला वाटलं, आणि म्हातारीचं नाटक गेलं."

तो पलंगाच्या कडेवर बसला. चेहरा उतरला होता. "करतो," म्हणाला. पण रोज काहीतरी निघायचं. पेशंटची गर्दी, कौन्सिलचं ऑफिस बंद, नाटक झाल्यावर शांतपणे सांगू. लाज वाटत होती त्याला, आणि लाजेमुळेच तो ती गोष्ट आणखी वाईट करत होता. आम्ही इलुनेदच्या घरासमोरून जाताना भराभर चालायला लागलो. वरदा मात्र पूर्वीसारखीच तिच्याकडे जायची आणि घरी येऊन आमच्याशी बोलायची नाही.

नाटकाच्या दिवशी ऊन होतं. मिरवणूक आमच्याच रस्त्याने गेली. पावासाठी ओरडणाऱ्या बायका झाल्या, लाल कोट घातलेले सैनिक झाले, खुर्चीवर चढून गॅरेथने हुकूम वाचला आणि तो छानच वाचला. इलुनेदच्या घराचे पडदे ओढलेले होते.

मग ढोल आणि डबे बडवत लाकडी घोडा आला. त्याची गोष्ट इलुनेदनेच मला कधीतरी सांगितली होती. त्या काळी शेजाऱ्याचं वाईट करणाऱ्याचा पेंढ्याचा पुतळा लाकडी घोड्यावर बसवून गावभर फिरवायचे. म्हणजे आपल्याकडची धिंडच. नाटकातला पुतळा बेलिफाचा होता. त्याच्या अंगात मिलिंदचा कोट होता.

तो तपकिरी कोट मीच हिवाळ्यात चॅरिटी शॉपला दिला होता. वरचं बटण तुटलं म्हणून निळं लावलं होतं, तेही मीच. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. तो कोणाचा कोट आहे हे त्या अख्ख्या रस्त्यावर फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मिलिंदने माझा दंड घट्ट धरला.

घोडा इलुनेदच्या फाटकासमोर थांबला. दवंडीवाला ओरडला, "या माणसाला कोणी ओळखतं का?" सगळ्यांनी "नाही!" म्हणायचं, असं ठरलेलं. पण त्याआधीच मिलिंद पुढे झाला.

"मी ओळखतो. तो मी आहे."

मग हशा पिकला. "वा, डॉक्टर!" कोणीतरी ओरडलं.

"तसं नाही," मिलिंद म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तिने मला विचारलं होतं. मीच नाही म्हटलं. आणि मग मी तिच्यावर आळ घेतला."

टाळ्याच टाळ्या. कोणीतरी त्याच्या डोक्यावर बेलिफाची टोपी ठेवली. त्याला नाटकात यायचं होतं ना, आला. गॅरेथ तेवढा हसत नव्हता. ढोल पुन्हा सुरू झाले आणि घोडा पुढे गेला.

टोपी हातात घेऊन मिलिंद तसाच इलुनेदच्या दाराशी गेला, मागोमाग मी. तिने दार उघडलं. तिने ऐकलं असावं, कारण डोळे लाल होते.

"आत येता का? चहा टाकलाय," ती म्हणाली.

आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडून, जन्माची सवय, निघालं, "नो, नो, तुम्हाला कशाला त्रास."

"बरं," इलुनेद म्हणाली, आणि तिने हळूच दार लावलं.

आम्ही पायरीवर उभे. मिलिंद दाराकडे बघत होता. मला माहीत होतं तो कशाची वाट बघतोय ते.

"ती पुन्हा नाही विचारणार," मी म्हटलं. "या वेळी आग्रह आपण करायचा."

त्याने बेलवर बोट ठेवलं. दाबायला त्याला फार वेळ लागला.