दर रविवारी कपाटाआड

मी काठी बोलतेय. आवाज बारीक वाटला तर सांभाळून घ्या. गप्प उभं राहायची सवय लागली आहे मला.

जन्म सुताराच्या लाकूड कातायच्या चरकावर झाला. पॉलिश, वाकडी मूठ, पायात रबरी बूच, आणि मग कुबड्या नि चाकाच्या खुर्च्यांच्या दुकानात मुक्काम. एक दिवस एक बाई नवऱ्याची पँट घेऊन आल्या आणि ती मापाला धरून मला निवडलं. दुकानदार म्हणाला, "त्यांनाच आणायचं ना!" बाई म्हणाल्या, "ते आले असते तर पँट कशाला आणली असती?"

घरी मला बघताच त्यांचे यजमान म्हणाले, "काठ्या म्हातारे वापरतात."

"मग तुम्ही कोण? नवरदेव?"

यजमानांनी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. पुस्तक काढायला स्टुलावर चढले, पडले आणि डावा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी नीट चालायला शिकवणाऱ्यांकडे जायला सांगितलं, तर हे म्हणाले, "चालण्यात शिकायचंय काय?" मला डाव्या हातात धरलं. दुखतो डावा, तर आधारही डावीकडेच! तरी ते झुकतच चालायचे, कळवळायचे. मला वाटायचं, माझ्याच लाकडात काही उणं असेल.

त्यांची एकुलती एक लेक दूर परदेशात मिशनरी आहे. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात पाय अधू झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवते. ती निघाली तेव्हा चर्चच्या मंडळीने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. वडिलांनी तेव्हा शब्द दिला होता, "आमची काळजी तुझ्या वाटेत येणार नाही." तो शब्दच त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याआधी मला कपाटाआड उभं करायचे आणि स्वतः खुर्चीत ताठ बसायचे.

"तिला कळलं तर सगळं सोडून येईल ती," ते म्हणायचे.

"आणि शेवटी प्रार्थना करता तेव्हा? वरून कपाटामागचं दिसत नसेल होय?" बाई टोमणा मारायच्या.

कपाटाआडून मला त्यांची प्रार्थना ऐकू यायची. दवाखान्यासाठी, पेशंटांसाठी, लेकीसाठी मनापासून मागायचे. स्वतःपाशी आले की अडखळायचे आणि घाईने 'आमेन' म्हणायचे.

एका रविवारी लेक मध्येच थांबली. "पप्पा, तुम्ही हल्ली उठत का नाही?"

"म्हणजे?"

"पूर्वी बोलता बोलता दहादा उठायचात. पाणी, चष्मा, पुस्तक. आता सगळं आई आणून देते. आणि आई काही एवढी लाड करणारी नाही."

"हो, ते मात्र खरं," बाई म्हणाल्या.

"वय झालं गं."

"मग उठून दाखवा."

मग बाई सरळ कपाटामागे आल्या, मला बाहेर काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "पुरे झालं नाटक. चाला."

ते उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. मला त्यांच्या तळव्याचा घाम लागत होता. पडद्यावर लेक रडवेली झाली होती, पण नजर मात्र वडिलांच्या पावलांवर होती.

"पप्पा, काठी दुसऱ्या हातात घ्या."

"अगं, दुखतो डावा."

"म्हणूनच उजव्या हातात. डावा पाय आणि काठी एकदम पुढे टाका. इथेही सगळे आधी हीच चूक करतात."

मी उजवीकडे आले. एक पाऊल, दुसरं पाऊल. त्यांचा भार माझ्यावर सरळ उतरला आणि ते झुकले नाहीत. मला रडू येण्याची सोय असती तर!

"म्हणजे इतके महिने उगीच..." ते पुटपुटले.

"तर्कशास्त्र!" बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

लेकीने हळूच विचारलं, "मी परत येऊ का, पप्पा?"

माझ्या मुठीवरची बोटं आवळली.

"ये म्हणावंसं वाटतं. रोज वाटतं. आता तेही लपवत नाही," ते म्हणाले. "पण तुला त्या कामाला आम्हीच पाठवलंय, बाळा. ते मागे घेत नाही. तुझी गरज लागली तर हाक मारीन. खरी हाक."

"नक्की?"

"नक्की. आणि मी विसरलो तर तुझी आई आहेच."

त्या दिवशी प्रार्थनेत त्यांनी पहिल्यांदा आपल्या गुडघ्याचं नाव घेतलं.

आता माझं बूच झिजलंय, मुठीवरचं पॉलिश उडालंय. रविवारी मी कपाटाआड नसते. आधी चालून दाखवायचं, मग गप्पा, असा लेकीचा नियम आहे. तुमचंही कुणी दूर सेवेला गेलं असेल, तर त्यांना धीर द्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. पण आपली काठी लपवू नका. त्यांनाही तुम्हाला सांभाळू द्या.

गेल्या रविवारी लेकीने फोन फिरवून तिथले एक आजोबा दाखवले. झाडाच्या फांदीची काठी, अगदी बरोबर हातात. त्यांना आमची भाषा येत नव्हती. त्यांनी हसून काठी उंच धरली. यजमानांनीही मला उचलून डोक्यावर धरलं.

तेवढा वेळ ते माझ्याशिवाय उभे होते, आणि मी छताशी, सगळ्यांना दिसेल अशी.